बिनजिन्याचा मनोरा

आमच्या धाकट्या मुलीचं, आन्गुस्तियासचं, लग्न १९९४ सालच्या मे महिन्यात झालं. साल विसरायची सोयच नाही. त्या लग्नात व्याह्यांच्या कुत्र्याने पंगतीतली खारवलेली डुकराची मांडी हाडासकट पळवली आणि चर्चच्या मागे बसून एकट्याने संपवली. आजही आमच्या गावात "कुत्र्याच्या साली" म्हटलं की १९९४ समजायचं.

पण त्या लग्नात कुत्र्यापेक्षा वाईट गोष्ट एलादियोने केली. एलादियो म्हणजे आमच्या चौकातल्या दारूच्या गुत्त्याचा मालक. सगळ्यांनी पेले उचलल्यावर तो उठला आणि म्हणाला, "नवरानवरीचा संसार मुलीच्या बापाच्या मनोऱ्यासारखा होवो. पायरीच नको, म्हणजे ठेचच नको!"

सगळी पंगत हसून लोळली. व्याहीसुद्धा हसले, आणि त्यांना तर मनोरा कुठला तेही ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याने, हिलारियोने, पेला न पिता खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात तो भरलेला पेला खाली ठेवताना मी पहिल्यांदाच पाहिला.

त्याचं असं होतं. तरुणपणी हिलारियो सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीसाठी सेविया शहरात राहून आला होता. तिथून त्याने दोन गोष्टी आणल्या. एक, तिथल्या खानावळीतल्या डुकराच्या गालांच्या रश्श्याची आठवण. आणि दुसरी, तिथल्या मोठ्या चर्चच्या हिराल्दा मनोऱ्याची. "आत जिना नाही," तो सांगायचा. "गोल गोल चढ आहे. जुन्या काळी माणसं घोड्यावर बसून वर जायची. मी स्वतः गेलोय." एकदा सांगितलं असतं तर लोक विसरले असते. पण हा दर नाताळात सांगायचा, दर जत्रेत सांगायचा. एलादियो म्हणायचा, "जिन्याशिवाय मनोरा म्हणजे बुडाशिवाय घागर." शेवटी गावाने त्याचं नावच "बिनजिन्या" ठेवलं. आमच्या गावात टोपणनाव सातबाऱ्यासारखं असतं, बापाकडून पोरांकडे आपोआप जातं. आन्गुस्तियास शाळेत जायची तेव्हा बाई हजेरी घेताना सुद्धा चुकून "बिनजिन्याची" म्हणाल्या होत्या.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हिलारियो मला म्हणाला, "विसिता, आपण सेवियाला जायचं. दोन रात्री राहायचं. तू मनोऱ्यावर चढायचंस."

"मी? माझे गुडघे?"

"गुडघ्यांसाठीच तर! डॉक्टरांनी तुला जिना चढायची बंदी केलीय हे सगळ्या गावाला माहीत आहे. तू वर जाऊन आलीस म्हणजे जिना नाही. संपला विषय."

माणसाने चाळीस वर्षांत माझ्या गुडघ्यांची एवढी कदर कधी केली नव्हती. मी हो म्हटलं. मला स्वतःलाही एकदा बघायचंच होतं. जिना निघाला असता तर या माणसाने चाळीस वर्षांत आणखी काय काय सांगितलंय याची उजळणी मला करावी लागली असती.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. शेजारची प्राशेदेस मावशी या विषयातली मोठी अधिकारी, कारण तिचं अपेंडिक्स सेवियाला काढलं होतं. सगळं शहर तिने दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलं होतं. ती म्हणाली, "पाव घरचा न्या. तिकडचा पाव म्हणजे नुसता फुगा. पैसे कमरपट्ट्यात शिव. आणि हे बघ, म्हाताऱ्यांना मनोऱ्यावर असंच सोडत नाहीत. आधी डॉक्टर तपासतो. हृदय बघतो, जीभ बघतो, मग पुढे. मागे एक जण वरच मेला होता, त्याला उतरवायला फार त्रास झाला म्हणे."

एलादियोने वेगळा सल्ला दिला. "विसिता, जाताना काठी ने. पायऱ्यांवर उपयोगी पडेल." आणि गुत्त्यातली सगळी मंडळी पुन्हा हसली.

मग माझ्या ओळखपत्राची मुदत संपल्याचं लक्षात आलं. त्याशिवाय लॉजवर खोली देत नाहीत. जिल्ह्याच्या गावी पोलीस कचेरीत गेलो. तिथल्या तरुण हवालदाराने माझ्या बोटाला शाई लावली, कागदावर दाबलं, आणि कागदावर उमटला एक काळा वाटाणा. त्याने दुसरं बोट घेतलं. दुसरा वाटाणा.

"बाई, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत."

"पन्नास वर्षं चेस्टनट सोलतेय, बाळा. रेषा कुठून राहणार?"

"पण रेषेशिवाय तुम्ही तुम्हीच आहात हे कसं समजायचं?"

"मग मी कोण आहे असं तुझं म्हणणं आहे?"

तो साहेबांना विचारायला गेला. साहेबांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. माझी दहाही बोटं काळी करून झाल्यावर करंगळीवर एक रेष सापडली, आणि सगळ्या कचेरीने टाळ्या वाजवल्या. पुढे कळलं की ती लहानपणी विळा लागलेल्याची खूण होती. पण सरकारदरबारी आजही मी म्हणजे तो विळा.

तर असे आम्ही जूनच्या सुरुवातीला एका शुक्रवारी संध्याकाळी सेवियाला पोचलो. हिलारियोची डावी दाढ बसमध्येच ठणकायला लागली. ती दाढ आमच्या घरात पाच वर्षं राहत होती. तिला कधी लवंग, कधी बडीशेपेची दारू असा नैवेद्य लागायचा. दातांच्या डॉक्टरकडे जा म्हटलं की हिलारियो म्हणायचा, "दाढ माझी आहे, तिला अजून माझ्याजवळ राहायचंय."

"उद्या आधी मनोरा," तो लॉजच्या खाटेवर गाल धरून म्हणाला. "मग डुकराचे गाल. रविवारी पहाटेची बस."

शनिवारी सकाळी आम्ही मनोऱ्याखाली उभे राहिलो. हिलारियो वर बघत म्हणाला, "जसाच्या तसा आहे." जणू तो मनोरा त्याने कुणाकडे सांभाळायला दिला होता.

आता इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे दुकानात शिरलं की एकामागे एक उभं राहायचं नसतं, ते शेळ्यांचं काम. शिरताना मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" जो "मी" म्हणेल त्याचा चेहरा ध्यानात ठेवायचा आणि खुशाल सावलीत बसून गप्पा मारायच्या. त्याच्यानंतर आपण. आपल्या मागून येणाऱ्याला आपण "मी" म्हणायचं. या विद्येत माझा हात धरणारी बाई आमच्या डोंगरात नाही. बेकरीत, मासळीच्या गाडीपाशी, दवाखान्यात, मी आजवर नंबर घालवलेला नाही.

चर्चच्या दारापाशी उन्हात परदेशी माणसांची लांबच लांब ओळ उभी होती. मला वाटलं, मिरवणूक असेल. समोरच्या इमारतीच्या सावलीत एका बाकावर मात्र आपल्यासारखी माणसं बसली होती. मी तिकडे जाऊन खणखणीत आवाजात विचारलं, "शेवटचं कोण?"

पांढरी टोपी घातलेल्या एका जाड्या गृहस्थाने जमिनीकडे बघत उसासा टाकला. "मी."

"मग तुमच्यामागे आम्ही," म्हटलं आणि टेकले. हिलारियो कुरकुरला, "पण दार तिकडे आहे." मी म्हटलं, "तुझं काम मनोरा. रांगेचं मला शिकवू नकोस."

इतक्यात एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं, खाएन गावचं. मुलीचं नाव निएवेस, मुलाचं गास्पार. "काकू, शेवटचं कोण?" निएवेसने विचारलं. पोरीवर चांगले संस्कार होते. "मी," मी म्हटलं. आमची साखळी झकास तयार झाली.

आणि तेवढ्यात पांढरी टोपी उठली आणि चालू लागली.

हा रांगेतला सगळ्यात नाजूक प्रसंग. त्याच्या पुढे कोण आहे ते त्यालाच ठाऊक. तो हरवला तर आपला नंबर हवेत लटकतो. आमच्या डॉक्टरकडे एकदा पुढची बाई परसाकडे गेली तेव्हा मी दाराबाहेर उभी राहिले होते. "उठा!" मी म्हटलं, आणि आम्ही चौघं टोपीमागे निघालो.

टोपी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, तिथून एका गुत्त्यात शिरली. तिने बिअर आणि गोगलगायींची वाटी मागवली. आम्हीही मागवली. उभ्या उभ्या टाचणीने गोगलगायी खाताना हिलारियो एकाच बाजूने चावत होता आणि दर चौथ्या घासाला छताकडे बघत होता. टोपी बाहेर पडली, न्हाव्याकडे गेली. आम्ही काचेतून बघत उभे राहिलो. त्या माणसाला आरशात आमचे चार चेहरे दिसले आणि त्याच्या गालाला वस्तरा लागला. तिथून तो एका छोट्या चर्चमध्ये गेला, मेणबत्ती लावली, गुडघे टेकले. आम्हीही टेकले. माझ्या गुडघ्यांनी त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. मग पालक-हरभऱ्याची भाजी. मग कागदाच्या पुड्यात तळलेली मासळी, नदीच्या काठावर. मग बूटपॉलिश.

गास्पार म्हणाला, "काकू, मनोऱ्याचं तिकीट काढायच्या आधी बूटपॉलिश लागतं?"

"मोठ्या शहरांत पद्धती वेगळ्या असतात," मी म्हटलं.

निएवेस खूश होती. "गाईडला पैसे दिले असते तरी एवढं बघून झालं नसतं," ती म्हणाली.

दुपार कलली तसा तो गृहस्थ पुलावर अचानक थांबला, वळला, टोपी काढली आणि हात जोडून मला म्हणाला, "बाई, तुम्ही जिंकलात. तिनेच पाठवलंय ना तुम्हाला?"

"कोणी?"

"माझ्या बायकोने. मला वाटलंच होतं. सकाळपासून चार जण माझ्यामागे लावलेत! चला, जातो. जातो एकदाचा."

मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण माणूस "जातो" म्हणतोय आणि आपला नंबर त्याच्यानंतर आहे, एवढं मला पुरेसं होतं.

तो सरळ मनोऱ्यासमोरच्या त्या इमारतीत शिरला. दारावर पितळी पाटी होती. लिहावाचायला मी दोन हिवाळ्यांपूर्वीच शिकले होते, त्यामुळे अक्षरं माझ्याशी अजून बेतानेच बोलायची. "डॉ. बासिलियो" एवढं वाचून होईपर्यंत टोपी वरच्या मजल्यावर दिसेनाशी झाली. उरलेली पाटी उतरताना वाचू, असं ठरवून मी कठडा धरला आणि एकेक पायरी करत वर गेले.

हो, पायऱ्या होत्या. हिलारियोचा चेहरा पडला. मी म्हटलं, "हा मनोरा नव्हे रे. डॉक्टर आहे. प्राशेदेस म्हणाली नव्हती का, आधी तपासतात?"

"खरंच की," तो म्हणाला.

आत खुर्च्या होत्या, पांढरा झगा घातलेली एक बाई होती, लवंगेचा वास होता. टोपीला आत नेलं. जरा वेळाने आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग मागच्या दाराचा, मग जिन्यावरून कुणीतरी धडधडत उतरल्याचा. पांढरा झगा बाहेर आला आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "पुढचं कोण?"

मी उभी राहिले. "आम्ही! हिलारियो, तू आधी जा. तुझं हृदय लवकर होईल."

तो आत गेला. दार लागलं. मी निएवेसला म्हटलं, "बघितलंस? नंबर म्हणजे नंबर."

पुढचं मला हिलारियोने नंतर सांगितलं, तेही चार दिवसांनी, कारण तोवर त्याला बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा." याने जीभ दाखवली. डॉक्टर म्हणाले, "बापरे! हे किती वर्षं असं आहे?" याला वाटलं, जिभेवरून हृदय कळलं. हा घाबरून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, काहीही करा, पण मला वर जाता आलं पाहिजे." डॉक्टर म्हणाले, "इतकं काही गंभीर नाही. देवाघरी जायची घाई नको." आणि सुई टोचली.

बाहेर मला फक्त एक आरोळी ऐकू आली. सेवियाच्या कबुतरांनाही ती ऐकू आली असावी, कारण खिडकीबाहेर एकदम फडफड झाली. मग दार उघडलं आणि हिलारियो आला. डाव्या गालात बोळा, हातात कागदाची पुडी, आणि डोळ्यांत असं काही, की मी लग्नाच्या वेदीवरसुद्धा त्याच्या डोळ्यांत एवढं पाणी पाहिलं नव्हतं.

"आज गरम काही खायचं नाही. चावायचं नाही. बोलायचं नाही," झग्याने बजावलं. "पुढचं कोण?"

निएवेस आणि गास्पार तेव्हा जिन्यात होते आणि खालच्या दिशेने चालले होते. चांगले संस्कारही दातांपर्यंत पोचत नाहीत.

मी पाटी उतरताना वाचली. सगळी वाचली. मोठ्याने वाचली नाही.

रस्त्यावर हिलारियो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला ओरडायचं होतं आणि तोंड बोळ्याने बंद होतं. नवऱ्याच्या हाती असा पुरावा आणि तोंडात बोळा, हा योग फार थोड्या बायकांच्या नशिबी येतो. त्याने फक्त पुडी उघडून मला दाढ दाखवली. मी म्हटलं, "पाच वर्षांचं दुखणं गेलं. उलट माझे आभार मान." त्याने पुडी मिटली आणि मनोऱ्याकडे बोट केलं.

दारावरचा माणूस कुलूप हातात घेऊनच उभा होता. "बंद व्हायची वेळ झाली, बाई. उद्या या."

"उद्या पहाटे आमची बस आहे," मी म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी."

हिलारियो पुढे झाला. बोलता येईना, म्हणून त्याने पुडी उघडून दाढ त्या माणसाच्या नाकासमोर धरली. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्या माणसाने दाढेकडे पाहिलं, सुजलेल्या गालाकडे पाहिलं, आणि तोंड वाकडं करत बाजूला झाला. "जा, जा! पण लवकर या. आणि ते आत घाला."

आत पाऊल टाकलं आणि मी खाली बघितलं. चढ होता.

विटांचा, रुंद, गुळगुळीत चढ. कोपऱ्यावर वळलो, पुन्हा चढ. पुन्हा वळलो, पुन्हा चढ. आमच्या गावातल्या रस्त्यांपेक्षा सोपा. मी भराभर चालायला लागले. "हिलारियो, जिना नाही रे!" मी दर वळणावर ओरडत होते. "इथेही नाही! बघ, इथेही नाही!" तो काही बोलू शकत नव्हता, पण ताठ चालत होता. उतरणाऱ्या परदेशी माणसांकडे असा बघत होता, जणू तो मनोरा त्याच्या बापाने बांधला. मी मनातल्या मनात एलादियोला काय काय ऐकवायचं ते जुळवत होते. चाळीस वर्षं हा माणूस खरं बोलत होता. नाताळात खरं, जत्रेत खरं. मला एकदम त्याचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला.

मग शेवटचं वळण आलं. वर उजेड दिसत होता, घंटा दिसत होत्या. आणि त्यांच्या आधी, समोर, पायऱ्या होत्या.

फार नव्हत्या. किती होत्या ते मी मोजलं नाही. मोजल्या असत्या तर गावात सांगाव्या लागल्या असत्या.

हिलारियो थांबला. त्याने पायऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तो हळूच भिंतीला टेकला, आणि बोळ्यातून कसंबसं म्हणाला, "या... तेव्हा... नव्हत्या."

मी त्या दगडांकडे पाहिलं. शेकडो वर्षं पाय पडून पडून त्या पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या, आमच्या घरच्या उखळासारख्या. माझ्या बोटांइतक्या गुळगुळीत.

"नंतर बसवल्या असतील," मी म्हटलं. "आजकाल काहीही बसवतात."

मग मी पायऱ्यांकडे पाठ केली, पहिलीवर बसले, हाताने रेटून दुसरीवर बसले, तिथून तिसरीवर. हिलारियो वर जाऊन मागून काखेत हात घालून मला ओढत होता. एक परदेशी बाई फोटो काढत होती. पाय मी एकाही पायरीवर दिला नाही, हे मी आजही बायबलवर हात ठेवून सांगीन.

वर वारा होता. सगळं शहर, नदी, दुपारचा पूल, न्हाव्याचं दुकान, खाली कुठेतरी शिजणारे डुकराचे गाल, जे हिलारियोच्या नशिबी नव्हते. आम्ही एका मोठ्या घंटेपाशी गेलो, तर तिच्यामागे कुणीतरी अंग चोरून बसलेलं. पांढरी टोपी.

आम्हाला बघून ती दोन्ही हात वर करून उभी राहिली. "इथेसुद्धा? अहो, माणुसकी आहे की नाही? येतो, येतो, उतरतोय!" आणि ते गृहस्थ आमच्या पुढे उतरायला लागले. हिलारियोने त्यांना थांबवलं, स्वतःचा गाल दाखवला, दाढ दाखवली, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हातारा त्या थापेने रडायलाच लागला.

रात्री हिलारियो टोमॅटोचं थंड सार प्यायला. मी शेजारी बसून डुकराचे गाल खाल्ले. त्याने सांगितलं होतं तसेच होते. मी तसं त्याला सांगितलं, कारण त्या दिवशी त्याला खरं ऐकायची सवय लागली होती.

रविवारी बस चौकात थांबली तेव्हा सगळा गुत्ता दारात उभा होता. एलादियोने हिलारियोचा गाल बघितला. "काय रे, पायऱ्यांवरून पडलास?"

हिलारियोला बोलता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्राशेदेस मावशीने तर माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"मी अगदी वर जाऊन आले," मी म्हटलं. "घंटेला हात लावला. जिना नाही."

"एकही पायरी नाही?"

"माझा पाय एकाही पायरीला लागला नाही."

एलादियो आत गेला आणि दोन पेले भरून आणले. हिलारियोला दारू वर्ज्य होती, तरी त्याने पेला रिकामा करूनच खाली ठेवला. टोपणनाव काही गेलं नाही, टोपणनावं जात नाहीत. पण त्या दिवसापासून लोक ते हाक मारल्यासारखं घ्यायला लागले, दगड मारल्यासारखं नाही. दाढ त्याने चुलीवरच्या फळीवर ठेवली होती आणि पाहुण्यांना दाखवायचा. माझा आणि त्याचा या विषयावर पुन्हा एक शब्दही झाला नाही. फक्त कधीकधी अंथरुणात, दिवा घालवल्यावर, तो म्हणायचा, "नंतर बसवल्या असतील," आणि खाट हलेपर्यंत हसायचा.

आमच्या गावची दफनभूमी टेकडीवर आहे. वर जायला सरळ चढ आहे, पायरी एकही नाही. हिलारियोला वर नेलं तेव्हा पुढच्या बाजूने खांदा एलादियोने दिला. हिलारियो २००४ सालच्या जानेवारीत, सत्तावीस तारखेला, मंगळवारी सकाळी वारला.